झाडीपट्टीचा बाजा आणि रसिकांची तक्रार

भाऊबीज उलटली की चामोर्शीच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर सकाळी दोनच विषय चालतात. एक धानाचा, दुसरा रात्रीच्या नाटकाचा. रात्रभर जागून डोळे तांबारलेली मंडळी चादर खांद्यावर टाकून उभी असतात आणि कोणी तरी हटकून म्हणतो, "नाटक बरे होते, पण बाजा बिघडला." बाजा म्हणजे आमच्याकडे साथीच्या वाद्यांचा सगळा मेळ. हे वाक्य आम्ही गेली पंधरा-वीस वर्षे ऐकत आलो आहो. प्रथम प्रथम आम्हीही मान डोलवीत असू. पुढे खोड लागली ती अशी, की म्हणणाऱ्याला थांबवून विचारायचे, "बिघडला म्हणजे नेमके काय झाले?" तीन माणसांना विचारले तर तीन निराळी उत्तरे येतात, आणि त्यांतली दोन एकमेकांच्या विरुद्ध असतात. आजचा विषय तो आहे.

आम्ही संगीतातले जाणकार नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते रात्रीचे, कधी वाचनालयातले, तर कधी रद्दीच्या दुकानातले. आयुष्य गेले ते तेंदूपत्ता तोडणाऱ्या, विडी वळणाऱ्या आणि जंगलात रोजीने राबणाऱ्या लोकांच्या संघटनेत. व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा होती की आम्ही किमान वेतनावर बोलू. त्यावर आम्ही दर वर्षी बोलतोच. परंतु नाटकाचा बाजा हेही हातांचे काम आहे, आणि ज्यांच्या हातांचे ते काम आहे त्यांतले कित्येक उन्हाळ्यात आमच्याबरोबर तेंदूच्या पानांचे पुडके बांधीत असतात. तेव्हा विषय आमच्या अधिकाराबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत धानाचा आणि झाडांचा जो पट्टा आहे त्याला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि त्या निमित्ताने रात्री नाटक लागते. दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचे ठाणे. नाटक कंपन्यांची कार्यालये तेथे आहेत आणि गावोगावची मंडळे तेथे जाऊन तारखा ठरवितात. मंडळ कंपनीशी ठराव करते, मंडप टाकते, तिकीट लावते. नफा झाला तर तो देवळाला, शाळेला किंवा मंडळाला जातो. तोटा झाला तर मंडळातल्या पोरांच्या खिशाला. नट संध्याकाळी येतात, तोंडाला रंग लावतात आणि सूत्रधारापेक्षाही प्रॉम्प्टरच्या भरवशावर पहाटेपर्यंत खेळ करतात. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना या रंगभूमीची आठवण झाली. येथल्या माणसाला ती कधी करून द्यावी लागली नव्हती.

आता बाजाकडे येऊ.

आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या दशकाच्या शेवटी, रंगमंचासमोर वाद्यवाल्यांची एक जागा असे. डाव्या हाताला पायपेटी, तिच्याशेजारी तबला, मागे ढोलकी, आणि कंपनी ऐपतदार असली तर क्लॅरिओनेट. लोक त्याला 'क्लॅरनेट' म्हणत. टाळ वाजविणारा पोऱ्या कोणाचा तरी पुतण्या असे. नांदी सुरू होण्याआधी पेटीवाला नुसताच सूर धरून बसे. तो सूर गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचला की बाया भांडी आवरून निघत. तिकिटाची वेळ छापील कागदावर काहीही असो, खरी वेळ पेटी सांगत असे. गंभीर प्रसंग आला की पेटीवाला एकच स्वर हळूहळू ओढी. त्यावर नटाचे बोलणे तरंगत राही. पद झाले की 'वन्स मोअर' होई आणि गाणारा दुसऱ्यांदा गाताना पहिल्यापेक्षा चार ताना जास्त घेई.

त्याही आधी येथे दंडार होती, खडी गंमत होती. खडी गंमत म्हणजे उभ्याने करायची गंमत. शाहीर, ढोलकी, डफ, टाळ आणि बाईच्या वेषातला नाच्या पुरुष. त्यांना मंडप लागत नसे, पडदा लागत नसे. संगीत नाटकाची रीत तिकडून, पश्चिमेकडून, या खेळांत येऊन बसली आणि झाडीतल्या लोकांनी ती आपलीशी करून घेतली. पुण्या-मुंबईत संगीत नाटकाला उतरती कळा लागली तरी आमच्याकडे पदांशिवाय नाटकाला नाटक म्हणत नसत.

आजच्या खेळात पायपेटीच्या जागी बहुधा की-बोर्ड असतो आणि तबला-ढोलकीच्या जागी ऑक्टोपॅड. ऑक्टोपॅड म्हणजे रबरी गाद्यांच्या आठ चौकोनांची पाटी. काठीने मारले की ज्या चौकोनात जे साठविले आहे ते वाजते: तबला, ढोल, झांज, बंदुकीचा बार, ढगांचा गडगडाट. जपानच्या रोलँड कंपनीने हे वाद्य १९८५ साली काढले. आमच्या भागात ते आधी लग्नाच्या वरातीत आले, मग नाटकात. त्याबरोबर पदांची संख्या घटली, लावण्या आणि सिनेमाच्या चालीवरचे नाच वाढले. कोठे कोठे तर नाटकाशी काही संबंध नसलेला ध्वनिमुद्रित गाण्यावरचा नाच मधेच येऊन जातो.

यावर लोक काय म्हणतात? आमच्या वहीत काही वर्षांच्या सकाळच्या नोंदी आहेत. त्यातून सांगतो.

सत्तरीच्या पुढचे बाबा लोक बहुधा म्हणतात की गाणे गेले. पण खोलात विचारले तर त्यातले अर्धे गाण्याविषयी बोलतच नसतात. मार्कंड्याकडच्या एका म्हाताऱ्याने आम्हांस साफ सांगितले, "बाजा खूप झाला जी, गोठच आयकू नाई ये." गोठ म्हणजे गोष्ट, बोलणे. त्याची तक्रार चालीवर नव्हती. बाप मुलीला घराबाहेर काढतो त्या प्रवेशात बाप काय बोलला तेच त्याला कळले नव्हते. तो सहा कोस चालत आला होता, तिकीट काढले होते, आणि मुख्य वाक्य की-बोर्डाखाली गाडले गेले.

बायांचे म्हणणे याहून वेगळे आढळले. नव्या बाजाची टिंगल पुरुष करतात तेवढी त्या करीत नाहीत. एक बाई म्हणाल्या की पूर्वीच्या लांब पदांत त्यांना झोप येई, कारण दिवसभर धान कापून त्या आलेल्या असत. आता झोप येत नाही, हे त्यांना चांगले वाटते. त्यांची हरकत नाचांवर होती. नाच सुरू झाला की पुढची पोरे उठून उभी राहतात, शिट्ट्या मारतात, आणि बायांना बसल्या जागी अवघडून जायला होते. ही तक्रार सुद्धा 'बाजा बिघडला' या शब्दांतच केली जाते, कारण बाईमाणसाला दुसऱ्या शब्दांत ती चारचौघांत करता येत नाही. आमच्या ध्यानात हे फार उशिरा आले.

तरुण पोरांचे मत आम्हांस तोंडपाठ आहे. जुने रटाळ, नवे जोरदार. परंतु त्यांतल्याही एकाने आमची बोलती बंद केली. तो पूर्वेकडच्या जंगलातल्या गावचा गोंड मुलगा, आमच्या संघटनेच्या सभेला येणारा. आम्ही जुन्या मेळाची थोरवी गात होतो. तो म्हणाला, "भाऊ, त्या जुन्या बाजात तरी आमचा ढोल कधी होता?" खरेच नव्हता. त्याच्या गावात रेला नाचतात, ढोल रात्रभर वाजतो, आणि तोच मुलगा मंडईत पैसे देऊन नाटक पाहायला येतो. पायपेटी आणि तबला यांनाच झाडीपट्टीचा अस्सल आवाज म्हणताना आम्ही झाडीतला अर्धा आवाज मोजलाच नव्हता.

अस्सल या शब्दाचीच एकदा झडती घेतली पाहिजे. ज्या पेटीसाठी आपण आज हळहळतो ती कोठली? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबें याने घेतले. पायाने भाता हाणायचे ते वाद्य. जमिनीवर बसून एका हाताने भाता ओढायची आणि दुसऱ्याने वाजवायची पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडविली. गंमत अशी, की त्याच सुमारास पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे ज्या प्रथेमुळे आम्ही आज बोलतो आहो ती आणि हातपेटी, या जवळजवळ जुळ्या बहिणी. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा पेटीचा जम अजून बसायचा होता. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन होता, पण सारंगीही होती आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा होते.

या परकीय पेटीवर जाणत्यांनी थोडी टीका केली नाही. तिचे स्वर ठोकून बसविलेले, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिला साधत नाही, गायकाच्या गळ्यातली मींड तिच्यात मरते, असे ते म्हणत. ते खोटेही नव्हते. आकाशवाणीने तर १९४० साली हार्मोनियमला बंदीच घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. एकतीस वर्षे ज्या वाद्याला नभोवाणीच्या दारात उभे केले नाही, ते वाद्य त्या एकतीस वर्षांत आमच्या मंडपात अस्सल ठरत होते. की-बोर्डाविरुद्ध आज जे बोलले जाते ते जवळजवळ शब्दशः पेटीविरुद्ध बोलून झाले आहे. तेव्हा वाद्य परके आहे, यंत्रासारखे आहे, एवढ्यावरून खटला उभा राहत नाही.

हा वाद फक्त आपल्याकडचा आहे असा आमचाही समज होता. पुण्यास शिकणाऱ्या आमच्या भाच्याने तो दूर केला. सुट्टीत आला असता त्याने कानाला यंत्र लावून एका फिनलंडच्या मेळाची गाणी ऐकविली. पहिल्या दोन मिनिटांत आम्हांस सॉ मिलची आठवण झाली, हे कबूल करतो. परंतु त्या विजेच्या गिटारांच्या आणि ढोलांच्या गदारोळात एक व्हायोलिन आणि एक अकॉर्डियन अशा चालीत शिरले की पाय हलू लागले. अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची चुलत बहीण, भात्याच्या वाऱ्याने आत धातूची जीभ थरथरते तीच करामत. मेळाचे नाव कोर्पिक्लानी. अर्थ विचारला तर भाचा म्हणाला, 'रानातली भावकी'. फिनलंडची सुमारे तीन-चतुर्थांश भूमी जंगलाखाली आहे, आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्याचेही प्रमाण तेवढेच सांगतात. मग आम्ही नीट बसून ऐकले.

या मेळाची हकीगत आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. योन्ने यार्वेला नावाच्या गायकाने १९९३ साली दोघा जणांचा मेळ काढला. १९९७ मध्ये त्याचे नाव 'शामान' झाले. तेव्हा ते उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषेत, त्यांच्या योइक नावाच्या गानपद्धतीने गात, आणि लोकवाद्यांचे आवाज विजेच्या की-बोर्डातून काढीत. २००३ साली नाव कोर्पिक्लानी झाले, आणि त्याबरोबर की-बोर्ड गेला, त्याच्या जागी हाडामांसाच्या माणसांनी वाजविलेली खरी लोकवाद्ये आली. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत जे झाले त्याच्या बरोबर उलट! आपण पेटी टाकून की-बोर्ड घेतला, त्यांनी की-बोर्ड टाकून व्हायोलिन घेतले.

मग तेथले रसिक तृप्त झाले काय? मुळीच नाही. काहींना सामी भाषा आणि योइक गेल्याचे दुःख झाले. खरी वाद्ये आली तरी ते म्हणत राहिले की आत्मा मागे राहिला. पुढे २००९ आणि २०११ च्या संग्रहांत व्होडका, टकीला अशा दारूंच्या नावांची गमतीची गाणी आली. ती नाचायला उत्तम, त्यांनी गर्दी वाढविली, आणि जुने रसिक म्हणू लागले की यांनी चेष्टा करून टाकली. २०१२ साली मेळाने 'कालेवाला' या फिनलंडच्या महाकाव्यावर आधारलेला संग्रह काढला. लोकांच्या तोंडची गाणी गोळा करून एलियास ल्योनरोत याने १८३५ साली सिद्ध केलेला हा ग्रंथ, त्यांना आपल्या ज्ञानेश्वरीसारखा मानाचा. तेव्हा नाचणारे म्हणाले की मजा गेली. २०१८ च्या संग्रहात चाली संथ झाल्या, तेव्हाही रसिकांत दोन तट पडले. भाच्याने आम्हांस हे सांगितले तेव्हा आम्ही त्याला विचारले, "तुझे मत काय?" तो म्हणाला, "मला मधला काळ आवडतो." तो ज्या वर्षी ते ऐकू लागला तो काळ मधलाच होता. आमचेही पेटीचे तसेच आहे. आम्हांस जी पेटी आवडते ती आम्ही वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली पेटी आहे, आणि या प्रेमाला पुरावा म्हणून कोर्टात उभे करता येत नाही.

परंतु सगळीच तक्रार आठवणीच्या खात्यात टाकून मोकळे होणे हाही अन्याय होईल. मार्कंड्याच्या त्या म्हाताऱ्याला शब्द ऐकू आला नाही, हे खरे घडले होते. ते का घडते, हे आम्ही एका साऊंडवाल्याच्या शेजारी तीन रात्री बसून समजून घेतले. ते असे. नटाच्या डोक्यावर माईक टांगलेले असतात. नट आणि माईक यांत सहज पाच-सहा हातांचे अंतर पडते. आवाज अशक्त पोचतो म्हणून साऊंडवाला माईक वाढवितो. एका मर्यादेपलीकडे वाढविला की कर्ण्यातला आवाज पुन्हा माईकात शिरतो आणि कानठळ्या बसविणारी शिट्टी निघते. म्हणून माईक त्या मर्यादेच्या खालीच ठेवावा लागतो. पायपेटीलाही हाच न्याय होता. तिचा आवाज हवेतून येई, जेवढा भाता तेवढा स्वर. की-बोर्डाचे तसे नाही. त्याची तार सरळ यंत्रात जाते, मधे हवा नाही, म्हणून शिट्टीचे भय नाही, म्हणून तो हवा तेवढा वाढविता येतो. नाचाच्या गाण्यासाठी त्याचे बटण वर सरकविले की पुढच्या प्रवेशात ते खाली घ्यायला कोणी तरी जागे असावे लागते. पहाटे तीनला साऊंडवाला पेंगत असतो. दिवसा त्याने दुसऱ्या गावचा मंडप उतरविलेला असतो. बापाचे वाक्य गाडले गेले ते येथे. दोष की-बोर्डाचा नाही, चालीचाही नाही. दोन रात्रींचे काम एका माणसावर टाकल्याचा आहे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एक तबलजी आमच्या कार्यालयात आला. नाव सांगत नाही, कारण तो अजून वाजवितो. बावीस हंगाम त्याने नाटकांत काढले होते. त्या वर्षी दिवाळीला निरोप आला की पॅडवाला घेतला आहे, आपण येऊ नये. मागल्या हंगामाच्या अकरा रात्रींचे पैसेही राहिले होते. त्याने बसता बसता विचारले, "भाऊ, याला कामावरून काढले असे म्हणता येते काय?" आम्ही कायद्याची पुस्तके काढली. नेमणुकीचे पत्र नाही, हजेरी नाही, पगाराची पावती नाही. बावीस वर्षांचा पुरावा म्हणजे रंगीत जाहिरातीचे कागद, आणि त्यांवर नटांची नावे, नर्तिकेचे छायाचित्र, लेखकाचे नाव. तबलजीचे नाव एकाही कागदावर नव्हते. आम्ही दोघे वडशास जाऊन अकरा रात्रींचे पैसे दोन हप्त्यांत वसूल केले. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण इतरत्रही यापेक्षा वेगळे चालत होते असे नाही.

आमचा राग त्या वेळी यंत्रावर होता. संघटनेच्या माणसाला ही सवय असते, यंत्र दिसले की मुठी वळतात. म्हणून त्या पॅडवाल्यालाही आम्ही बोलावून घेतले. तो आला तो चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. पॅड कर्ज काढून घेतलेले, हप्ता बाकी. तबला, ढोलकी आणि झांज अशा तीन माणसांचे काम तो एकटा करतो, पण रात्रीचा दर तीन माणसांचा मिळतो काय, तर नाही. तबलजीला मिळे त्याहून थोडा जास्त, इतकेच. पॅड बिघडले तर दुरुस्ती त्याची. आणि ताल तो शिकला कोणाकडे, तर लहानपणी भजनात याच तबलजीकडे. दोघे आमच्या बाकावर शेजारी शेजारी बसून खाली पाहत होते. वाचलेले दोन माणसांचे पैसे त्या दोघांपैकी कोणाच्याच खिशात गेले नव्हते.

ते पैसे कोठे गेले हे शोधताना कंपनीवाल्याचीही बाजू ऐकली पाहिजे. नाटकांत आता सिनेमा-दूरदर्शनमधले नावाजलेले नट बाहेरून आणतात. त्यांचा दर मोठा. मंडळे तेच मागतात, कारण तिकीट त्या नावावर खपते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट बंद झाले, ते २०२१ च्या डिसेंबरात अटींसह पुन्हा सुरू होईपर्यंत पटाच्या गर्दीवर चालणाऱ्या नाटकांना झळ लागली. २०२० चा हंगाम महामारीने नेला. खर्च कमी करायचा तर तो कोठे करावा? ज्याचे नाव कागदावर नाही तेथे. पहिली कात्री क्लॅरिओनेटला लागली, मग ढोलकीला, मग तबल्याला. रसिकाने नंतर जो आवाज ऐकला आणि 'बिघडला' म्हटले, त्यात या कात्रीचा आवाज होता. पाच जण एकमेकांकडे पाहून वाजवितात तेव्हा नट अडखळला तर तबलजी एक आवर्तन वाढवितो, पेटीवाला सूर धरून ठेवतो, आणि प्रेक्षकाला अडखळणे कळतसुद्धा नाही. एकटा माणूस दोन्ही हात गुंतवून बसला असेल तर त्याला मान वर करून नटाकडे पाहायला सवड कोठून मिळणार?

सरकारची मदत म्हणावी तर पन्नाशी उलटलेल्या कलावंतांस मानधन देण्याची राज्याची योजना आहे, आणि २०२४ पासून ती रक्कम महिना पाच हजार रुपये झाली. पण अर्जाला कलेचा पुरावा जोडावा लागतो. तेथे पुन्हा तोच जाहिरातीचा कागद. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१ च्या ऑगस्टात सुरू झाली, तेव्हा आम्ही काही वादकांची नावे त्यात घातली. धंद्याच्या रकान्यात काय लिहावे यावर कार्यालयात अर्धा तास घोळ झाला. एकाने सरळ 'शेतमजूर' लिहून घेतले. तेही खोटे नव्हते.

मागल्या हंगामात वैनगंगेकाठच्या एका गावच्या मंडळाची पोरे नाटक ठरवायला निघाली असता आमच्याकडे आली. बाजा चांगला हवा, काय करावे, असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना ठरावाच्या कागदावर चार ओळी जास्त लिहायला सांगितले. साथीला निदान चार माणसे असावीत, की-बोर्ड-पॅड असले तरी चालेल, पण त्यांच्याबरोबर तबला आणि ढोलकी वाजविणारे बसावेत. त्यांची नावे जाहिरातीच्या कागदावर नटांच्या खाली छापावीत. त्यांचे त्या रात्रीचे पैसे पडदा उघडण्यापूर्वी मोजून द्यावेत. आणि साऊंडवाल्याला बदली माणूस असावा, म्हणजे दोनपैकी एक तरी जागा राहील. खर्च थोडा वाढला. पोरांनी तो एक नाच कमी करून भागविला आणि त्यावरून मंडळात भांडणही झाले.

आम्ही त्या रात्री गेलो होतो. आमचा तबलजी बसला होता, पॅडवाला त्याच्या डाव्या हाताला होता. दुसऱ्या अंकात नायिकेच्या पदाला पॅडवाल्याने हात थांबविले आणि तबलजीला पुढे जाऊ दिले. सगळे शब्द ऐकू आले, एवढे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. तिकीटविक्री फार वाढली नाही, घटलीही नाही.

सकाळी चहाच्या टपरीवर आम्ही वही काढून उभे राहिलो. एक जण म्हणाला, नाच कमी झाल्याने पैसे वसूल झाले नाहीत. एक बाई दूध घेऊन चालली होती, ती थांबून म्हणाली की यंदा बसवले तरी. पंचाहत्तरीच्या एका बाबांना आम्ही मोठ्या आशेने विचारले, "बाबूजी, यंदा तबला होता, कसा वाटला बाजा?" बाबांनी विडी झटकली आणि म्हणाले, तबल्याने काय होते, खरी गंमत ढोलकी आणि डफाची होती, ती त्यांच्या बापाच्या वेळची.

तेही आम्ही टिपून घेतले आहे.